उंबरा ओलांडलेली साखर

माझा मोठा दीर हद्दू याला आमच्या मिदेल्त गावात सगळे उस्ताद म्हणतात. म्हणतात म्हणजे त्याने म्हणायला लावलंय. मिदेल्त ते एर्राशिदिया अशी टॅक्सी त्याने तीस वर्षं हाकली, पुढे दोन आणि मागे चार माणसं कोंबून, आणि त्या तीस वर्षांत त्याची स्वतःची अशी एकही चूक झाली नाही. टायर फुटला तर रस्ता वाईट, गाडी खड्ड्यात गेली तर उतारू जाड. आता टॅक्सी बंद झाली, पण ती जुनी मर्सिडीज त्याने विकली नाही, आणि बोटं कापलेले चामडी हातमोजेही टाकले नाहीत. बाजारात वांगी घ्यायलासुद्धा हातमोजे चढवून जातो. वांग्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

तोंडावर मी त्याला 'भावजी, तुम्ही' करते. मोठ्या दिराला तसंच बोलायचं असतं. पण आत्ता तो समोर नाही, तेव्हा मी मोकळी आहे.

माझं मन त्याच्यावरून कधी उडालं तेही सांगून टाकते. अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा हम्मू, म्हणजे याचा सख्खा धाकटा भाऊ, छातीच्या दुखण्याने गेला. मयत न्यायची गाडी दारात उभी होती, मी आत ऊर बडवत होते, आणि हा बाहेर त्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगत होता, "इंजिन ठोकतंय रे तुझं. व्हॉल्व्ह बघून घे." डोळ्यांत टिपूस नाही. या माणसाच्या आत नुसतं डिझेल भरलंय, हे मी त्या दिवशी ओळखलं.

पण मुलाची मागणी घालायला घरातला वडीलधारा पुरुष लागतो. माझ्या ज़ाइदला बाप नाही, मामा नाही, राहिला कोण तर हा. ज़ाइदचा जीव तूदा नावाच्या मुलीवर जडला होता. दोघांची ओळख मेकनेसला शिकताना झाली. मुलीचं गाव तिझगी, दूर दक्षिणेला, अल्निफच्या अलीकडे, पक्क्या रस्त्यावरून आत वळून वाळवंटाच्या तोंडाशी. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेला या. शनिवारी दुपारी दुसरं स्थळ यायचं होतं, मुलगा फ्रान्सला असलेलं. ज़ाइद मला एवढंच म्हणाला, "आई, तूदा नाही तर कुणीच नाही." त्याच्या बापासारखाच आहे तो, कमी बोलतो आणि बोलला की फिरत नाही.

मी आठवडाभर तयारी केली. मेंदी, खजूर, कफ्तानचं कापड, सफरचंदांची पेटी, आणि मुख्य म्हणजे साखर. निळ्या कागदात गुंडाळलेले घट्ट साखरेचे हातभर उंच सहा सुळके आणले, प्रत्येकाच्या गळ्याला लाल फीत बांधली. मयताच्या घरी नेतात तेही हेच सुळके आणि हाच निळा कागद, फक्त त्यांना फीत नसते. आणि मागणीच्या साखरेला आमच्यात एक नेम आहे. मुलाच्या घरातून निघालेली साखर थेट मुलीच्या घरात उतरायची. मधे दुसऱ्या कुणाचा उंबरा तिने ओलांडायचा नाही. मुलीची आई तसं विचारून घेते, आणि उत्तर मुलाच्या आईने द्यायचं असतं.

"भावजी, बसने जाऊ," मी दोनदा म्हटलं.

"बसने?" त्याने हातमोजे असे काही ओढले, जणू मी त्याला गाढवावरून जायला सांगितलं होतं. "मागणीला बसने गेलेला माणूस परत येताना पायी येतो. माझी गाडी आहे ना. हिचं इंजिन माझ्या शब्दाबाहेर नाही."

त्याची बायको गुडघ्याचं निमित्त काढून घरीच राहिली. शहाणी बाई. शुक्रवारी उजाडताच, रीतीप्रमाणे ज़ाइदला मागे ठेवून, आम्ही दोघं निघालो, आणि घाट चढायच्या आतच शब्दाबाहेर नसलेलं इंजिन उकळायला लागलं. पुढून वाफा. हद्दू खाली उतरला, झाकण उघडलं, आणि वैद्याने जीभ बघावी तसा बराच वेळ आत बघत राहिला.

"रेडिएटरला भोक आहे," तो म्हणाला. "बारीक आहे. अंडं लागेल."

"भुकेचं नंतर बघू, भावजी."

"खायला नाही गं! रेडिएटरला!"

रस्त्याकडेला एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती. तिच्याकडून चार कच्ची अंडी घेऊन त्याने रेडिएटरात फोडली. म्हणे गरम पाण्यात अंडं शिजतं आणि भोक बुजतं. भोक बुजलं, खोटं कशाला बोलू. पण तिथून पुढे गाडीतल्या वाऱ्याला उकडलेल्या अंड्यांचा असा वास यायला लागला की मी एर्राशिदियापर्यंत नाकाला ओढणी लावून बसले होते. आणि हा मुलीकडे न्यायच्या पेटीतली सफरचंदं एकामागून एक खात मला सांगत होता, "बघितलंस? मेकॅनिकने तीन दिवस लावले असते."

एर्राशिदियाला मी म्हटलं, इथे दाखवून घेऊ गाडी. ऐकेल तर उस्ताद कसला? पुढे दीड तासावर, जिथे दोन्ही बाजूंना दगडाशिवाय काही नाही, तिथे टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि पंख्याचा पट्टा तुटला.

तो परत झाकणात डोकं घालून आला. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कमरेकडे बघितलं.

"ईट्टो, तुझा कमरपट्टा दे."

माझा तो कमरपट्टा लोकरीचा, हाताने विणलेला, माझ्या आईने लग्नात दिलेला. कफ्तान त्याच्यावरच उभं राहतं, नाहीतर पायात येतं. मी म्हटलं, "भावजी, व्याह्यांच्या दारात मी पोत्यासारखी उतरू का?"

"दारात उतरायला आधी दारापर्यंत जायला हवं ना!"

दिला मी. ज़ाइदसाठी दिला. त्याने तो पंख्याला गुंडाळला, गाठ मारली, आणि माझ्या आईचा कमरपट्टा बरोबर सात किलोमीटर चालला. मग जळक्या लोकरीचा वास अंड्यांच्या वासात मिसळला आणि गाडी कायमची थांबली. असरला अर्धा तास उरला होता.

मी टेकाडावर चढून तूदाच्या वडिलांना फोन लावला. माणूस सरळ होता, पण स्वर थंड. "वाटेत अडचण येते, समजतं मला," ते म्हणाले. "उद्या दुपारच्या अजानपर्यंत थांबतो. त्यानंतर दारात दुसऱ्यांचे जोडे असतील, मग मला बोल लावू नका." मी कफ्तान सावरत खाली आले. हद्दू सहावं सफरचंद खात होता.

समोर एक गाव दिसत होतं, तागूंत नावाचं, वीस-पंचवीस मातीची घरं. एका घरापुढे मोठा तंबू ठोकलेला, बाहेर जोड्यांचा ढीग, आणि वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसचा वास थेट आमच्यापर्यंत येत होता.

"लग्न!" हद्दूचा चेहरा उजळला. "आता जेवण, झोपायला जागा आणि मेकॅनिक, सगळं एका घरात." आणि त्याने डिकीतून साखरेची टोपली काढून खांद्यावर घेतली.

"भावजी, साखर कशाला?"

"अगं, रिकाम्या हाताने आलेल्याला अंगणात बसवतात. खांद्यावर साखर दिसली की आत घेतात. नुसती दाखवायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि सकाळी उचलायची. माणसं मी ओळखतो."

मी त्याला तिथेच धरायला हवं होतं. पण कमरपट्ट्याविना कफ्तान पायात येत होतं, दोन्ही हातांनी ते उचलून चालताना मी मागे पडले. चालता चालता माझ्या लक्षात आलं की लग्नघर असून ढोल नाही, एका बाईची आनंदाची ललकारी नाही. खिडकीत एक बाई दिसली, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात. आमच्यात असं पांढरं नवरा गेल्यावरच्या पहिल्या चार महिन्यांत विधवाच घालते. मी ओरडले, "भावजी, थांबा!" पण तो उंबऱ्यापाशी पोचला होता. आतून एक उंच तरुण आला, त्याने दोन्ही हातांनी टोपली घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "अल्लाह तुम्हाला याचं फळ देवो, काका. बाबांचा आज तिसरा दिवस. आत या."

दुसरा कुणीही असता तर तिथल्या तिथे म्हणाला असता, बाळा, चूक झाली, आम्ही वाटसरू आहोत. एवढं एक वाक्य. पण आपली चूक झाली हे वाक्य हद्दूच्या तोंडातून साठ वर्षांत निघालं नव्हतं, ते त्या दिवशी कुठून निघणार? टोपली आत गेली. माझ्या मुलाची साखर, फितींसकट, मयताच्या घरात गेली. ती परत मागायला जीभ कुणाची उचलेल? मेलेल्याच्या नावाने ठेवलेली साखर ती.

मला बायकांमध्ये बसवलं. भिंतीपलीकडे पुरुषांचा तंबू, सगळं ऐकू येत होतं. तो उंच तरुण, मयताचा थोरला मुलगा बासू, हद्दूला विचारत होता, "काका, बाबांची आणि तुमची ओळख कुठली?"

मी डोळे मिटले. आता तरी खरं बोल, मेल्या, मी मनात म्हटलं.

"रस्त्यावरची," हद्दू म्हणाला. "आम्ही दोघं ड्रायव्हर ना! पंधरा वर्षं एकत्र गाड्या हाकल्या."

तंबू एकदम गप्प झाला. मग कुणीतरी खोकलं. आणि हद्दूला ती शांतता म्हणजे दाद वाटली असणार, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "माझ्या गाडीत मागच्या सीटवर झोपायचा तो, जोडे उशाला घेऊन. सफरचंद खायचा ते बियांसकट. मी म्हणायचो, पोटात झाड येईल रे, तर म्हणायचा, येऊ दे, सावलीत बसू. थंडीत खोकायचा. मी म्हटलं होतं त्याला, दाखव कुणाला तरी. मी म्हटलं होतं. मग मीच नाही नेलं. गाडी होती दारात, मीच नाही नेलं."

आणि तो रडायला लागला. खोटं रडणं मला कळतं, मी चाळीस वर्षं मयतांना जातेय. हे तसलं नव्हतं. मूल हंबरडा फोडतं तसा तो साठीचा माणूस रडत होता, परक्या तंबूत, पायाने कुसकुसचं ताट लवंडून.

जोडे उशाला घेऊन माझा हम्मू झोपायचा. सफरचंद बियांसकट माझा हम्मू खायचा.

मला काय वाटलं सांगू? मला संताप आला. अकरा वर्षं! माझ्या अंगणात एक थेंब पडला नाही आणि इथे नाव-गाव माहीत नसलेल्याच्या तंबूत पाट वाहतायत. रडायचं होतं तर माझ्यासमोर रडायचं होतंस, आपण दोघं रडलो असतो.

रात्री त्यांनी मला चाऱ्याच्या खोलीत चटई टाकून दिली, एक घोंगडी दिली. शेजारी कांद्यांची पोती आणि एक बांधलेली शेळी. पाठ टेकल्यावर मला कधी झोप लागली कळलं नाही.

उजाडताना दारात पांढरे कपडे दिसले. घरधनीण होती, इज्जा तिचं नाव, माझ्याच वयाची. हातात चहा आणि जवाची भाकरी. माझ्यापाशी चटईवर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमचे दीर काल कुणासाठी रडत होते?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि बोलवेना. "माझ्या नवऱ्यासाठी," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "माझा नवरा मोहा विहिरी खणायचा. उभ्या जन्मात चाक हातात धरलं नाही त्याने. अहो, गाडीत बसला की ओकायचा. अल्निफच्या बाजारालाही पायी जायचा." तिला हसू फुटलं, तिने ते ओढणीत दाबलं. "दुसऱ्या वाक्याला सगळ्या तंबूला कळलं होतं. माझा बासू तीन दिवस दगडासारखा होता, ना रडला ना जेवला. तुमच्या दिरांनी 'ड्रायव्हर' म्हटलं आणि तो भिंतीकडे तोंड करून हसला. हसता हसता रडला. मग जेवला. म्हणून कुणी काही बोललं नाही."

मी मान खाली घातली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि लाल फिती मी काल दारातच बघितल्या," ती म्हणाली. "कुणाची मागणी आहे?"

मी सगळं सांगितलं. दुपारच्या अजानचंही सांगितलं. ती उठून गेली आणि एक टोपली घेऊन आली. सहा सुळके, निळ्या कागदातले, प्रत्येकाला माझी लाल फीत. "तुमची साखर मोह्याच्या नावाची झाली, ती मी परत देणार नाही," ती म्हणाली. "ही माझ्या भावाने आणलेली. घेऊन जा. नाही म्हणू नका, मला आत्ता कुणाचं 'नाही' ऐकवत नाही."

काय करणार? घेतली मी. मनात म्हटलं, पुढे पहिल्या दुकानात नवी घेईन आणि ही गरिबाला देईन. तिसऱ्या दिवसाच्या मयताची साखर सुनेच्या तोंडी घालू? मी काही वेडी नव्हते.

बाहेर बासूने मोह्याच्या पाण्याच्या पंपाचा पट्टा काढून गाडीला बसवला होता. हद्दू बाजूला उभा राहून "अजून ताण, अजून ताण" सांगत होता. डोळे सुजलेले, पण हातमोजे घातलेले. गाडी सुरू झाल्यावर म्हणाला, "पंपाचा पट्टा बसतो म्हटलं होतं ना मी!" कालच्या रडण्याचा मागमूस नाही.

निघायला साडेदहा वाजले. पुढे एकही दुकान लागलं नाही, आणि तागूंतच्या एकुलत्या दुकानातले सुळके तीन दिवसांत गावाने मोह्याच्याच घरी नेऊन घातले होते. पक्का रस्ता सोडला, दगडी वाट लागली. तिझगीत एक दुकान होतं, पण ते तूदाच्या चुलत्याचं. मुलाकडचे लोक साखर इथे घेतायत हे आम्ही दारात पोचायच्या आत घरात पोचलं असतं. मी घड्याळ बघत होते. हद्दू सगळा वेळ पट्ट्याचं कौतुक करत होता.

आम्ही दारात उतरलो तेव्हा अजानला दहा मिनिटं होती. मी कफ्तान सुतळीने बांधलं होतं. अंगाला अंडं आणि जळकी लोकर. तूदाची आई उंबऱ्यात उभी होती, मागे तूदा, कवाडाला धरून, ओठ पांढरे पडलेले. पोरगी सकाळपासून वाटेकडे बघत होती हे कुणालाही कळलं असतं.

तिच्या आईने टोपलीवर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "विहीणबाई, साखर थेट आली ना? मधे कुणाचा उंबरा?"

मागे हद्दू उभा होता. त्याला ठाऊक होतं सगळं, टोपली गाडीत ठेवताना मीच त्याच्या अंगावर खेकसले होते. जगात ज्याच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं तो माणूस माझ्या मागे दोन हातांवर. मी तूदाकडे बघितलं.

"माझ्या उंबऱ्यातून तुमच्या उंबऱ्यात," मी म्हटलं. "मधे काही नाही."

मी वाट बघितली. आता तो बोलेल. तीस वर्षांचा अनुभव सांगेल, तंबू सांगेल, मोहा सांगेल. मागून काहीच आलं नाही. मग पाऊल वाजलं, हद्दू पुढे आला, त्याने हातमोजे काढले, मी ते नुसते हात पहिल्यांदाच बघत होते. आत मांडलेल्या चहाच्या तबकापाशी बसून एक सुळका त्याने पेल्याच्या बुडाने फोडला आणि पहिला तुकडा किटलीत टाकला. "बिस्मिल्लाह," म्हणाला. एवढंच.

त्या साखरेचा चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला. तेवढ्यात अजान झाली.

ज़ाइद आणि तूदाला आता दोन मुलं आहेत. नवरा-बायको भांडले की मी हातातलं काम टाकून ऐकत बसते. मूल तापलं की मला ते सहा सुळके दिसतात. इज्जाचा चेहराही दिसतो, आणि मग मी स्वतःला म्हणते, त्या बाईच्या हातचं वाईट कसं असेल. पण खोटं मी बोलले ते बोललेच. रीत सांगते त्या जागी उभी राहून, मुलीच्या आईच्या डोळ्यांत बघून बोलले.

हद्दू अजून तसाच आहे, उपटसुंभ. प्रत्येक लग्नात त्या प्रवासाची गोष्ट सांगतो. अंडी सांगतो, माझा कमरपट्टा सांगतो, सात किलोमीटरचे सत्तर करतो, पंपाचा पट्टा आपणच बसवला म्हणतो. लोक हसतात, मी दात आवळून बसते. मग गोष्ट तिझगीच्या उंबऱ्यापाशी येते. तिथे दर वेळी तो थांबतो, हातमोजे उगाच नीट करतो आणि म्हणतो, "ईट्टो, चहा दे जरा."

चार माणसांत त्याने एकदाही ती गोष्ट पुढे नेलेली नाही. मी मुकाट्याने उठते आणि त्याला चहा देते.